विचारले की कळवले?



काही दिवसांपूर्वी रविवारची सकाळची मिस्सा संपल्यावर आपल्यातलेच एक गृहस्थ पडवीत माझी वाट पाहत थांबले होते. राहतात लालबागला. वडील गिरणीत नोकरीसाठी नगर जिल्ह्यातून मुंबईला आले आणि त्यांच्यामागून सारे कुटुंब आले. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद होते. म्हणाले, "फादर, दोन मिनिटं वेळ आहे का? गावाकडून हे आलंय. सही करू की नको, तेवढं सांगा."

कागद संमतीपत्राचा होता. त्यांच्या गावाच्या वरच्या अंगाला जे माळरान आहे तेथे पवनचक्क्या उभ्या राहायच्या आहेत. यांच्या सामाईक जमिनीतून एका पवनचक्कीपुरती जागा आणि लांब पाती वाहून नेणारा ट्रेलर वळू शकेल एवढा रुंद रस्ता कंपनीला हवा होता. सातबाऱ्यावर तीन भावांची नावे. दोघांच्या सह्या झाल्या होत्या, तिसरी यांची राहिली होती. पैसेही बरे मिळणार होते.

मी उभ्या उभ्या कागद चाळला आणि म्हणालो, "करा की सही. वाऱ्यावरची वीज. धूर नाही, राख नाही. देवाच्या सृष्टीचं रक्षणच आहे हे." त्यांचे समाधान झालेले दिसले. पण त्यांची पत्नी बाजूला उभी होती. ती हळूच म्हणाली, "ते खरं, फादर. पण काकींना कुणी विचारलंच नाही."

काकी म्हणजे यांच्या चुलत्यांची विधवा. गावातच राहतात. आठ-दहा शेळ्या आहेत आणि त्या त्याच माळावर चरतात. सरपण आणायची वाटही तिथूनच जाते. गृहस्थ म्हणाले, "अगं, त्यांचं नाव नाही ना कागदावर." त्यावर पत्नी म्हणाली, "म्हणूनच तर कुणी विचारलं नाही."

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. "पुढच्या रविवारी या, मी जरा विचार करतो," एवढेच मी म्हणालो. त्या आठवड्यात जो विचार केला तो आज आपल्यापुढे ठेवत आहे.

हा प्रश्न आपला कसा?

कोणी म्हणेल, "फादर, आम्ही गिरगावात, परळला, दादरला राहतो. पवनचक्की गावाच्या माळावर. आमचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो आपल्या घरातल्या बटणापासून सुरू होतो.

आपल्या भागात वीज येते ती 'बेस्ट'ची. बेस्ट ती बाहेरून विकत घेते. शंभर वर्षांपूर्वी ही वीज सह्याद्रीच्या पाण्यातून येत असे. टाटांनी खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिरा येथील १९२७ साली सुरू केले. घाटमाथ्यावर धरणे बांधून पाणी अडवायचे, ते कोकणाच्या बाजूला खाली सोडायचे आणि त्या वेगावर वीज निर्माण करायची, अशी ती योजना. परळ-लालबागच्या गिरण्यांचे माग त्या विजेवर चालले. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांची भाकरी त्या मागांवर शिजली.

यातील भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशीला धरण बांधले गेले. पन्नासच्या आसपास गावे त्याच्या पाण्याखाली जायची होती. तेथील मावळ्यांनी एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. त्या इतिहासातील एक गोष्ट मला या आठवड्यात पुन्हा पुन्हा आठवली. पुष्कळ जमिनींवर सावकारांचा हक्क लागलेला होता. त्यांना जमीन कसायची नव्हती. नुकसानभरपाई चांगली मिळाली की त्यांचे काम झाले, म्हणून ते तडजोडीला तयार झाले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भात लावला होता त्यांना मात्र पैसा नको होता, जमीन हवी होती. कागद एकाच्या हाती होता आणि नांगर दुसऱ्याच्या. होकार कागदवाल्याचा घेतला गेला. धरण झाले, गावे गेली.

अलीकडचीही आठवण काढू या. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या खेड्यांत रोज तासन्‌तास लोडशेडिंग होत असे. मुंबई बहुतांशी त्यातून सुटलेली होती. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी सारी मुंबई काही तास विजेविना राहिली, तर आपण ती बातमी अजून विसरलेलो नाही. गावाला जे रोजचे होते ते आपल्याला एका दिवसात असह्य झाले. तेव्हा डोंगरावर काय उभारायचे आणि कोणाला विचारून उभारायचे, या प्रश्नात आपण तिऱ्हाईत नाही. वीज वापरणारा तिच्या न्याय-अन्यायातही वाटेकरी असतो.

वारा चांगला, पण...

पवनऊर्जेविरुद्ध माझे काही म्हणणे नाही, हे आधीच स्पष्ट करतो. कोळसा जाळून आपण हवेत जे सोडत आहोत त्याचा हिशेब आपली नातवंडे देणार आहेत. समुद्र चढला तर पहिले पाणी वरळी-माहीमच्या कोळीवाड्यांत शिरेल, मलबार हिलवर नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्र लिहून याकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले. कोळसा आणि तेल यांची जागा वारा-सूर्यासारख्या साधनांनी लवकर घ्यावी, असा त्यांचा आग्रह २०२५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत कायम होता.

महाराष्ट्राने या कामाला लवकर हात घातला. कोकणात देवगडच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकातच पवनचक्क्या फिरू लागल्या होत्या. सुट्टीत सिंधुदुर्गात जाणाऱ्यांनी त्या पाहिल्या असतील. नंतर साताऱ्याजवळचे चाळकेवाडीचे पठार, पाटण तालुक्यातील वनकुसवडे, धुळ्याचा साक्री तालुका आणि नगर, सांगली या जिल्ह्यांतील माळराने येथे त्या शेकड्यांनी उभ्या राहिल्या. मार्च २०२५ अखेर देशातील पवनऊर्जेची क्षमता ५०,००० मेगावॉटवर गेली. त्यात महाराष्ट्राचा वाटा पाच हजारांहून अधिक आहे. ही आनंदाची गोष्ट आहे.

पण चांगल्या कामालाही चुकीचा रस्ता असू शकतो. पुणे जिल्ह्यात खेड आणि मावळ तालुक्यांच्या डोंगरांवर, भीमाशंकरच्या अभयारण्यापासून जवळच, आंध्रा लेक पवनऊर्जा प्रकल्प झाला. त्याची क्षमता शंभर मेगावॉटच्या वर. आंध्रा हे नाव ओळखीचे वाटले का? शंभर वर्षांपूर्वी भिवपुरीच्या विजेसाठी ज्या नदीचे पाणी अडवले तीच ही आंध्रा. आधी खोऱ्यातले पाणी गेले, आता माथ्यावरचा वारा.

पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने २०१० साली शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने ऑगस्ट २०११ मध्ये दिलेल्या अहवालात या प्रकल्पाचा मुद्दाम उल्लेख आहे. हे सदाहरित जंगल आहे, येथे शेकरू राहतो, येथे परवानगी देऊ नये, असे तेथील वनक्षेत्रपालाने प्रामाणिकपणे लिहून दिले होते. वरिष्ठांनी ते डावलले. डोंगर कापून रुंद रस्ते झाले, दरडी सुटल्या, राडारोडा खालच्या शेतांकडे आणि पाण्याकडे आला. आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोंगरावर गावकरी जात-येत होते तेथे त्यांनाच मज्जाव झाला. जो अधिकारी जागेवर होता त्याचे ऐकले नाही, आणि जे लोक जागेवर होते त्यांना विचारले नाही.

हे कसे घडू शकते? आपल्या देशात मोठी खाण किंवा कोळशाचे वीजकेंद्र उभारायचे तर पर्यावरण परिणाम अहवाल तयार करून जनसुनावणी घ्यावी लागते. २००६ च्या अधिसूचनेत तशा उद्योगांची यादी आहे. त्या यादीत पवनऊर्जा नाही. धूर नाही म्हणून सुनावणीही नाही, असा तो हिशेब. वनजमीन असेल तर वनखात्याची मंजुरी लागते, गावात ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पुढे येतो, खासगी जमीन असेल तर मालकाची सही. पण ज्यांच्या डोळ्यांसमोर हे सारे उभे राहणार त्या सर्वांना एकत्र बसवून, समजेल अशा मराठीत सांगून, "तुमचं काय म्हणणं आहे?" असे विचारण्याचे बंधन त्या यादीने घातलेले नाही.

जिथे कोणी विचारत नाही तिथे अफवा बोलू लागते. २००० च्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा सातारा-सांगलीकडे असा समज पसरला की पवनचक्क्या ढग पळवून लावतात. शास्त्र असे सांगत नाही. आपला पाऊस शेकडो किलोमीटर पसरलेल्या मोसमी वाऱ्यांवर ठरतो, पात्यांच्या फिरण्यावर नाही. पण शेतकऱ्याला अडाणी म्हणून हसण्याआधी आपण स्वतःला विचारावे: त्याच्या गावात ते धूड उभे करताना कोणी त्याला समजावून सांगायला गेले होते का?

आणि जिथे उघड चर्चा नसते तिथे दलाल आणि गुंड यांचे फावते. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून त्यांचा निर्घृण खून झाला. तपास यंत्रणेच्या आरोपपत्रानुसार, त्या भागात काम करणाऱ्या पवनऊर्जा कंपनीकडून खंडणी उकळण्याच्या आड ते आले होते. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण वारा स्वच्छ असला म्हणून त्याच्याभोवतीचा व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाही, हे त्या कुटुंबाच्या दुःखाने आपल्याला शिकवले आहे.

दोन क्रियापदे

आता माझीच एक चूक सांगतो. मागे एका धर्मग्रामात असताना मी रविवारच्या मराठी मिस्सेची वेळ आठवरून साडेसहावर आणली. कारणे माझ्या दृष्टीने योग्य होती. वेदीवरून तसे जाहीर केले आणि वर म्हणालो, "आपल्या सूचनांचे स्वागत आहे." मिस्सेनंतर एक वयस्कर बाई आल्या. त्या रुग्णालयात आया म्हणून काम करत. म्हणाल्या, "फादर, तुम्ही आम्हाला विचारलंत की कळवलंत? माझी रात्रपाळी सातला सुटते."

मला ती गोष्ट माहीतच नव्हती. मी विचारले असते तर कळली असती. तेव्हापासून ही दोन क्रियापदे माझ्या मनात बसली आहेत: विचारणे आणि कळवणे. कळवताना निर्णय झालेला असतो. विचारताना तो व्हायचा असतो, आणि समोरच्याच्या उत्तराने तो बदलू शकतो. सार्वजनिक कामात 'लोकांशी विचारविनिमय केला' असे कागदावर लिहिलेले असते तेव्हा पुष्कळदा फक्त कळवलेले असते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा विवेकावरचा भाग आम्हाला शिकवला गेला. ते म्हणतात की, विवेकी माणसाची पहिली पायरी मसलतीची असते. कारण प्रत्यक्ष कृतीतील बारकावे अगणित असतात आणि एकट्या माणसाला ते सारे दिसत नाहीत. म्हणजे दुसऱ्याला विचारणे ही केवळ सभ्यता नाही. ते सत्य शोधण्याचे साधन आहे. कंपनीच्या अभियंत्याला वाऱ्याचा वेग ठाऊक असतो, पण काकींची शेळी कोणत्या वाटेने पाण्यावर जाते ते त्याला ठाऊक नसते.

याहून जुना एक नियम रोमन कायद्यातून आपल्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात आला आणि पोप आठवे बोनिफास यांनी १२९८ साली काढलेल्या कायदेसंग्रहात तो आहे. त्याचा आशय असा: जी गोष्ट सर्वांना स्पर्श करते तिला सर्वांची मान्यता हवी. नियमात 'सर्वांना स्पर्श करते' असे आहे, 'सर्वांच्या मालकीची आहे' असे नाही, याकडे आपण लक्ष द्यावे. मालकी सातबाऱ्यावर लिहिलेली असते. स्पर्श कुठे लिहिलेला नसतो. काकींचा त्या माळाशी संबंध स्पर्शाचा आहे.

'लाउदातो सी'च्या १८३ व्या परिच्छेदात पोप फ्रान्सिस हाच मुद्दा आजच्या भाषेत मांडतात. प्रकल्पाचा आराखडा आणि पैशांची जुळवाजुळव आधी, आणि परिणामांचा अभ्यास मागाहून, हे चालणार नाही. तो अभ्यास पहिल्यापासून हवा आणि दडपणापासून मुक्त हवा. स्थानिक लोकांना चर्चेत विशेष स्थान हवे, कारण आपल्याला व आपल्या मुलाबाळांना काय हवे आहे याचा ते विचार करतात, आणि तो विचार तात्काळ मिळणाऱ्या पैशांच्या पलीकडे जाऊ शकतो.

यातून मी माझ्यापुरत्या चार कसोट्या काढल्या. कोणाला विचारले: फक्त कागदावर नाव असलेल्यांना, की ज्यांना झळ लागेल त्या सर्वांना? केव्हा विचारले: आराखडा पक्का होण्याआधी की नंतर? काय सांगून विचारले: फायद्याबरोबर तोटाही सांगितला का, आणि तो समजेल अशा भाषेत सांगितला का? आणि उत्तराचे काय केले: एखादी गोष्ट मान्य केली नसेल तर तिचे कारण दिले का?

मग एकाच्या नकाराने सारे थांबावे का?

येथे एक प्रामाणिक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. प्रत्येकाला विचारायचे आणि एक जण जरी 'नाही' म्हणाला तरी थांबायचे, असे केले तर काहीच उभे राहणार नाही. वीज सर्वांना हवी, पण खांब कोणाच्याच दारात नको.

इंग्लंडचे उदाहरण पाहा. तेथे २०१५ साली सरकारने असा नियम केला की, जमिनीवरील पवनचक्क्यांना स्थानिक समाजाचा पाठिंबा असेल आणि त्यांच्या हरकतींचे पूर्ण निरसन झाले असेल तरच परवानगी द्यावी. ऐकायला हे उत्तम वाटते. प्रत्यक्षात मोजक्यांचा विरोधही पुरेसा ठरू लागला आणि तेथील नव्या पवनचक्क्या जवळजवळ बंद पडल्या. शेवटी जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने तो नियम काढून टाकला. आपल्याला टेकडीचा देखावा बिघडलेला नको म्हणून नकार देणारा आणि आपली उपजीविका जाते म्हणून नकार देणारा, हे दोघे सारखे नाहीत. पण दोघांना एकाच मापाने मोजले की असा गोंधळ होतो.

उलट टोकाला राजा अहाब आणि नाबोथ यांची गोष्ट आहे (राजे पहिले पुस्तक, अध्याय २१). राजाला राजवाड्याशेजारचा द्राक्षमळा हवा होता. त्याने मागणी तर रीतसर केली. बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाही तर रोख किंमत देतो, असे तो म्हणाला. आजच्या हिशेबाने भरपाई चोख होती. नाबोथाने नकार दिला, कारण तो वाडवडिलांचा वारसा होता. तेथपर्यंत अहाबाचे काही चुकले नव्हते. चुकले ते यानंतर. 'नाही' हेही उत्तर असू शकते हे त्याला सोसले नाही. ईजबेलने खोटे साक्षीदार उभे केले, कायद्याचा देखावा झाला आणि नाबोथ दगडांखाली मेला. ज्याला फक्त होकारच ऐकायचा असतो त्याचे विचारणे हे विचारणे नसते.

आपल्या देशातही नकाराचा मान राखला गेल्याचे उदाहरण आहे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय दिला की, याबाबत तेथील ग्रामसभांचे म्हणणे घ्यावे. बारा ग्रामसभा झाल्या. बाराही 'नाही' म्हणाल्या. आणि खाण झाली नाही.

मग रेषा कोठे ओढायची? मला जे पटते ते सांगतो. ज्याची उपजीविका, घर किंवा श्रद्धास्थान जाणार आहे त्याचा नकार फार जड मानावा. तो ओलांडण्याइतके कारण क्वचितच असते. ज्याची थोडी गैरसोय होणार आहे त्याने सर्वांच्या हितासाठी ती सोसावी, पण त्यालाही विचारल्यावाचून नव्हे. आणि या दोन टोकांच्या मध्ये फार मोठी जागा आहे. तेथे प्रश्न हो-नाहीचा नसतो, 'कसे'चा असतो. रस्ता इकडून न नेता तिकडून नेला तर? चराईची वाट मोकळी ठेवली तर? उत्पन्नातला काही भाग दरवर्षी गावाला दिला तर?

डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरासमोर समुद्रात मिडलग्रुंडेन येथे २००० साली पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पहिला बेत सत्तावीस चक्क्यांचा, तीन रांगांत लावायचा होता. जनसुनावणीत लोकांनी हरकती घेतल्या. आराखडा बदलला: वीस चक्क्या, एकाच हलक्या वळणदार रांगेत. आणि निम्म्या चक्क्या सुमारे साडेआठ हजार सभासदांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या झाल्या. साखर कारखाने सहकारातून उभारणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. तेथे विचारण्याने काम अडले नाही, सुधारले.

देवही थांबला

विचारण्याचा सर्वांत मोठा आदर्श आपल्याला शुभवर्तमानातच मिळतो. गब्रिएल देवदूत नाझरेथला मरियेकडे आला तेव्हा तो कोणाचा निरोप घेऊन आला होता? ज्याने आकाश आणि पृथ्वी घडवली त्याचा. कामही सर्वांत चांगले, साऱ्या मानवजातीच्या तारणाचे. एका खेड्यातल्या मुलीला विचारण्याची त्याला गरज काय होती?

तरीही दूताने आपला निरोप सांगितला. मरिया गोंधळली. तिने शंका विचारली: हे कसे होईल? शंका विचारली म्हणून दूत रागावला नाही. त्याने उत्तर दिले. मग ती 'हो' म्हणाली, आणि त्यानंतर तो निघून गेला. बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांनी आपल्या प्रवचनात कल्पना केली आहे की, त्या क्षणी सारे जग, आदामापासूनचे सारे पूर्वज, तिच्या उत्तराकडे कान लावून बसले होते. स्वतः देव थांबला होता. कारण प्रेमाने मागितलेला होकार सक्तीने घेता येत नाही.

देवाला जी घाई नव्हती ती आपल्याला कशासाठी असावी? आणि मरियेच्या जागी काकींना ठेवून पाहा. त्याही एका लहान गावातल्या, कागदावर नाव नसलेल्या बाई आहेत.

पुढच्या रविवारी

ते गृहस्थ सांगितल्याप्रमाणे पुढच्या रविवारी आले. मी आधी माझ्या घाईबद्दल त्यांची माफी मागितली. मग म्हणालो, "सही करा किंवा करू नका, हे मी सांगणार नाही. जमीन तुमची आहे आणि विवेकही तुमचा आहे. पण सही करण्याआधी एकदा गावी जा. काकींसमोर बसा. कागद वाचून दाखवा. त्या काय म्हणतात ते ऐका. भावांना सांगा की चराईची आणि पाण्याची वाट करारात लिहून घेऊ. आणि हा विषय ग्रामसभेत येऊ द्या, म्हणजे ज्यांचा सातबारा नाही त्यांनाही बोलता येईल."

ते थोडे नाराज झाले. म्हणाले, "फादर, तेवढ्यात कंपनी दुसऱ्या डोंगरावर गेली तर?" प्रश्न खरा आहे. पैशांची त्यांना गरज आहे. मुलीचे शिक्षण चालू आहे. मी म्हणालो, "जाऊ शकते. तो धोका आहे." याहून गोड उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि खोटे द्यायचे नव्हते. न्यायाने वागताना कधी कधी पदरचे जाते. प्रभूने आपल्याला क्रूस उचलायला सांगितले आहे, तो नेहमी लाकडाचाच असतो असे नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जायचे त्यांनी ठरवले आहे. पत्नीही बरोबर जाणार आहे. काकी काय म्हणतील ते मला ठाऊक नाही. कदाचित त्या म्हणतील, "करा बाबांनो सही, मला काय वर्षानुवर्षं शेळ्या राखायच्या आहेत?" तसे झाले तरी हे विचारणे वाया गेले असे मी मानणार नाही.

आपल्यापैकी फार थोड्यांकडे पवनचक्कीचा कागद येईल. पण संमतीचे कागद आपल्या सर्वांकडे येतात. गिरगाव-लालबागच्या चाळींत पुनर्विकासाचा फॉर्म घेऊन बिल्डरचा माणूस दार वाजवतो. वाडवडिलांचे घर विकताना बहिणीला 'फक्त सही कर' असे सांगितले जाते. म्हाताऱ्या आईला कोणाकडे ठेवायचे हे मुले ठरवतात आणि आईला कळवतात. अशा प्रत्येक वेळी त्या आयाबाईंचा प्रश्न आपणही स्वतःला विचारू या.

आणि सुरुवात घरापासून व्हावी म्हणून सांगतो: आपल्या आवारात किंवा मिस्सेच्या वेळांत यापुढे कोणताही बदल करायचा असेल तर तो ठरण्याआधी महिनाभर सूचना फलकावर लावला जाईल आणि त्याखाली लिहायला कोरा कागद असेल. तो कागद मी स्वतः वाचीन. जे मान्य करता येणार नाही त्याचे कारण सांगेन.

प्रभूचा आशीर्वाद आपणा सर्वांवर असो.

आपला,
धर्मगुरू